पहिल्या नंबरची अडचण

हे कुणालाही खरं वाटायचं नाही. आजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्याने आधी हसून घेतलं, मग डोळे बारीक केले आणि शेवटी "काहीतरीच हं तुमचं!" म्हणत चपला पायात सरकवल्या. तेव्हा ज्यांना उठायचं असेल त्यांनी आत्ताच उठावं. मध्येच कुणी उठलं की गोष्टीला ठेच लागते.

बसलात? बरं.

तर एक केंद्र होतं. दारावर पाटी होती, 'मुख्याध्यापक साहाय्य केंद्र'. आसपासच्या सगळ्या सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांना मदत करायची, हे त्याचं काम. केंद्र म्हणजे एका शाळेच्या प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली. खोली रिकामी करून दिली होती, फक्त कोपऱ्यातला हाडांचा सापळा तसाच राहिला होता, कारण तो हलवायला सही कुणाची लागते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. केंद्राच्या बाई त्याच्या हातात छत्री अडकवायच्या आणि कामाला लागायच्या.

बाई पूर्वी शिक्षिका होत्या. आता त्यांना तीन कामं होती. वरून नवा नियम आला की तो माणसांच्या भाषेत सांगायचा. नवं यंत्र किंवा नवी पद्धत आली की ती शिकवायची. आणि कुठल्या मुख्याध्यापकाचं काही अडलं की धावून जायचं. पहिली दोन कामं बाई जीव ओतून करायच्या. दर आठवड्याला मुख्याध्यापकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर त्या 'ताजी माहिती' टाकायच्या. टाकल्या टाकल्या सगळ्यांचे अंगठे यायचे. एकदा बाईंनी शेवटी मुद्दाम लिहिलं, 'हे वाचलं असेल तर येताना मला चहा घेऊन या.' अंगठे सगळ्यांचे आले. चहा कुणाचाच आला नाही.

तिसऱ्या कामाची मात्र कधी वेळच यायची नाही, कारण कुणाचं कधी काही अडायचंच नाही.

महिन्याच्या सभेत शेवटचा विषय असायचा 'अडचणी'. बाई पेन उघडून विचारायच्या, "कुणाला काही अडचण?" आणि सगळी खोली एका माणसाकडे बघायची. ते सर्वांत जुने मुख्याध्यापक. त्यांच्या शर्टाची इस्त्री संध्याकाळीही मोडलेली नसायची. त्यांना पाठीमागे सगळे 'व्यवस्थित सर' म्हणत, कारण ते दर वेळी खुर्चीत ताठ होऊन एकच उत्तर देत.

"छे! सगळं व्यवस्थित."

मग ओळीने सगळे. "व्यवस्थित." "एकदम व्यवस्थित." "आमच्याकडे तर फारच व्यवस्थित." एकदा पुलाजवळच्या शाळेचे सर डोक्याला भलीमोठी पट्टी बांधून आले.

"अगंबाई! सर, डोक्याला काय झालं?"

"काही नाही बाई. वर्गाच्या छताची जरा जवळून पाहणी केली."

"म्हणजे छत पडलं?"

"पडलं नाही. खाली आलं. बाकी सगळं व्यवस्थित."

आता यात त्यांचा दोष नव्हता. मुख्याध्यापकाच्या हाडीमांसी एक गोष्ट मुरलेली असते. अडचण सांगितली की चौकशी येते, आणि चौकशी एकदा आली की लांबच्या मामेसासऱ्यासारखी मुक्काम ठोकते. त्यापेक्षा व्यवस्थित बरं.

पण गंमत पुढेच आहे. सभा संपली, सगळे आपापल्या शाळेत गेले, की दुपारपासून बाईंचा फोन वाजायला लागायचा.

"हॅलो बाई, माझा एक मित्र आहे हो. मुख्याध्यापकच आहे. लांब असतो, तुम्ही नाही ओळखत त्याला. तर त्या बिचाऱ्याच्या शाळेत काय झालंय…"

सगळ्यांनाच असा एकेक मित्र होता. पुलाजवळच्या सरांच्या मित्राचं छत गळायचं. टेकडीवरच्या शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकेच्या मैत्रिणीला सभेचं इतिवृत्त लिहिता यायचं नाही. आणि सगळ्यांत दुर्दैवी मित्र होता व्यवस्थित सरांचा. तो तर आठवड्यातून निदान दोनदा बुडायचा. बाई हसू दाबून त्या मित्राला काठावर ओढायच्या. त्यांना सगळे मित्र आवाजावरून ओळखू यायचे. त्यांनी कधी कुणाला तसं दाखवलं नाही, एवढंच.

ऐकायला बसलेल्यांत एक मुख्याध्यापक होते, अगदी नोकरीतले. ते इथे मान डोलावून म्हणाले, "हे असतं. मित्र असतात."

असतात ना? मग पुढे ऐका.

एके दिवशी वरच्या कार्यालयातून साहेबांचा फोन आला.

"बाई, अभिनंदन! तुमच्या भागात एकाही मुख्याध्यापकाला एकही अडचण नाही. असा भाग आम्ही पाहिला नाही."

"थँक्यू, साहेब."

"मग केंद्र कशाला हवं?"

बाईंनी हातातला चहा खाली ठेवला.

"म्हणजे, साहेब?"

"म्हणजे औषध कुणाला नको असेल तर दवाखाना कशाला चालवायचा? पुढच्या आठवड्यात मी येतो, एकदा नजर टाकतो आणि कुलूप लावतो. तुमची काळजी करू नका. वरच्या कार्यालयात शिक्के मारायचं एक टेबल रिकामं आहे. खिडकीजवळ आहे हो, हवा चांगली येते."

बाईंना शिक्क्यांचं दुःख नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे ते सगळे मित्र उभे राहिले. केंद्र बंद झालं तर बिचारे कुणाला फोन करणार? साहेबांना? मित्र एकवेळ नोकरी सोडतील, पण साहेबांना फोन करायचे नाहीत.

संध्याकाळी घरी बाई भाजी निवडायला बसल्या आणि देठं पातेल्यात, पानं केरात टाकू लागल्या. समोर सासूबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्यांनी थोडा वेळ हा उद्योग पाहिला.

"सूनबाई, आज देठं खायची आहेत का?"

बाईंनी सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि तेलाची वाटी खाली ठेवली.

"एवढंच ना? दवाखान्यात आम्ही म्हाताऱ्या बसतो ना रांगेत, तिथंही आधी कुणी बोलत नाही. सगळ्या म्हणतात, मी सहज आले, बीपी बघायला. मग एकजण म्हणते, माझा मेला हा गुडघा! झालं. मग दहाजणींचे गुडघे दुखायला लागतात. मग माझा जास्त की तुझा जास्त. शेवटी ज्यांना गुडघाच नाही त्यांचाही दुखतो."

"गुडघा नाही असं कसं असेल, आई?"

"मध्ये मध्ये बोलू नकोस. तू पहिली गुडघेवाली शोध."

दुसऱ्या दिवशी बाई टेकडी चढून गेल्या. तिथल्या मुख्याध्यापिका वयाने लहान. काल-परवापर्यंत त्याच शाळेत शिक्षिका होत्या, नुकत्याच मोठ्या खुर्चीत बसल्या होत्या.

"एक अडचण द्याल का मला?" बाई धापा टाकत म्हणाल्या.

"माझ्याकडे कुठली हो? सगळं व्यवस्थित आहे."

"अगदी लहानशी चालेल. काम झालं की परत आणून देते."

मुख्याध्यापिकेने दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "आमची घंटा बसलीये. म्हणजे तिचा आवाज. ठण्ण म्हणायच्या ऐवजी धप्प म्हणते. मुलांना वाटतं कुणीतरी पडलं. ती आधी बघायला धावतात, मग वर्गात जातात."

"देवासारख्या भेटलात!" बाई म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसून त्यांनी ग्रुपवर ताजी माहिती टाकली.

इथे बाईंची चूक झाली. तसं त्यांना फक्त एवढंच लिहायचं होतं, की टेकडीच्या शाळेने एक अडचण कळवली आहे, इतरांनीही कळवावी. पण आयुष्यभर शिक्षिका राहिलेल्या बाईच्या बोटांना नंबर दिल्याशिवाय कौतुक करता येत नाही. त्या लिहून गेल्या, 'हार्दिक अभिनंदन! अडचण कळवण्यात टेकडीवरील शाळेने आपल्या भागात पहिला क्रमांक पटकावला आहे.'

मुख्याध्यापकाला काहीही दाखवावं. साप दाखवावा, वाघ दाखवावा. दुसऱ्या शाळेचा पहिला नंबर दाखवू नये.

त्या दिवशी अंगठे आले नाहीत. बाई टेकडी उतरून खाली येतात न येतात तोच फोन किणकिणायला लागला.

'टेकडीच्या शाळेची घंटा निदान वाजते. आमच्या शाळेला घंटाच नाही. मुलं अंदाजाने येतात.'

'आमच्याकडे घंटा आहे, पण ती वाजली की शेजारची शाळा सुटते.'

'घंटेचं काय घेऊन बसलात? आमच्या नळाला फक्त सुट्टीच्या दिवशी पाणी येतं. सुट्टी कधी आहे हे आम्ही नळाला विचारतो.'

'आमच्या कार्यालयातील कपाट आमच्या आधीच्या मुख्याध्यापकांच्याही आधीच्या मुख्याध्यापकांपासून बंद आहे. किल्ली कपाटात आहे.'

त्यावर एकाने लिहिलं, 'आमचंही तसंच आहे, शिवाय आमच्या कपाटातून आवाज येतात.'

दोन दिवसांत भागात एवढ्या अडचणी उगवल्या, की त्यांची प्रत ठरवायची वेळ आली. 'आमच्या अडचणी जुन्या व दर्जेदार आहेत,' असं एकाने कळवलं. दुसऱ्याने विचारलं, 'एकाच शाळेच्या दोन अडचणी धरल्या जातील का?' एकटे व्यवस्थित सर गप्प होते. त्यांच्या शाळेत कुंड्यासुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असत. पण यादीत नाव नाही हे दुःख माणूस किती सोसणार? शेवटी त्यांचाही निरोप आला.

'आमच्या शाळेत कोणतीही अडचण नाही, हीच आमची फार मोठी अडचण आहे. तरी पहिल्या क्रमांकासाठी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.'

बाई इतक्या आनंदल्या की त्यांनी सापळ्याच्या हातातली छत्री काढून त्याला टाळी दिली आणि सगळ्या अडचणी वर कळवून टाकल्या. तासाभरात साहेबांचा फोन.

"बाई, गेल्या आठवड्यात एक नव्हती, आणि आता पाऊस?"

"साहेब, मुख्याध्यापक मोकळे झाले."

"झाले असतील. मी डोळ्यांनी बघणार. शाळेशाळेत जाऊन. अडचण समोर दिसली पाहिजे. दिसली तर केंद्र राहील. नाही दिसली तर कुलूप माझ्या खिशातच आहे."

केंद्रात घाईघाईने सभा भरली. प्रत्येक जण आपापल्या चपलांकडे बघत होता.

"सर, तुमचं कपाट दाखवू या," बाई म्हणाल्या.

"कपाट उघडतं हो," ते सर खाली मान घालून म्हणाले. "रोज उघडतं. आत माझा डबा असतो."

"आणि ते आवाज येणारं?"

"त्यात माझा रेडिओ असतो."

"नळ?"

"दुरुस्त करून घेतला. तुम्ही लिहिलंत पहिला क्रमांक, मग वाटलं, साहेब आले तर नळ बिघडलेला कसा दिसेल?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पण खऱ्या अडचणी असतील ना काहीतरी! पुलाजवळचे सर, तुमचं छत?"

पट्टीवाले सर दचकले. "छत? छे छे! ते साहेबांना दाखवता येत नाही. ते खरोखरच पडतं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुद्दा रास्त होता. खऱ्या अडचणी दाखवायच्या नव्हत्या आणि दाखवायच्या अडचणी खऱ्या नव्हत्या. शेवटी पट्टीवाल्या सरांनीच तोड काढली. त्यांच्या अडगळीत एक खुर्ची होती. दिसायला राजबिंडी, पाठ उंच, हात नक्षीचे. तिच्यावर बसलं की ती जरा वेळ विचार करायची आणि मग माणसाला डावीकडे ओतायची.

"ती द्याल मला? पहिला नंबर आला म्हणून गावाने आम्हाला नवी घंटा दिली," टेकडीच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"मलाही लागेल," डब्याच्या कपाटाचे सर म्हणाले.

"मग फिरवू या," पट्टीवाले म्हणाले. "साहेब मोटारीने मोठ्या रस्त्याने येतील. खुर्ची टेम्पोने मागच्या रस्त्याने पुढे जाईल. तपासणीला आपण ते चांगलं टेबल फिरवतो ना, तसंच."

"हे होतं!" ऐकणारे मुख्याध्यापक गुडघ्यावर थाप मारून म्हणाले. "आमच्या भागात एक मत्स्यालय फिरायचं. तपासणीच्या दिवसांत मासे इतके दमायचे की साहेबांसमोर पोहायचे नाहीत. आम्ही सांगायचो, शिस्तीचे आहेत."

म्हणजे इथवर पटलं ना? छान.

साहेब आले. गोल, नीटस, हातात बारीक कातडी बॅग. आधी पुलाजवळची शाळा. पट्टीवाल्या सरांनी साहेबांना त्या खुर्चीत बसवलं. खुर्चीने विचार केला. साहेब डावीकडे गेले.

"ही आमची अडचण, साहेब!" सर छाती काढून म्हणाले.

साहेबांनी चष्मा शोधला, कपडे झटकले आणि वहीत टिपलं. बाहेर पडताना त्यांना मुलांची चित्रं दाखवली, मग बाग दाखवली, मग बागेतल्या प्रत्येक झाडाचं नाव सांगितलं. तोवर टेम्पो टेकडीला लागला होता.

टेकडीवर साहेब धापा टाकत पोचले आणि समोर दिसली त्या खुर्चीत मटकन बसले. या वेळी खुर्चीने फारसा विचार केला नाही.

"ही खुर्ची…" साहेब जमिनीवरून म्हणाले, "ही ओळखीची वाटते."

"सरकारी खुर्ची आहे ना साहेब," टेकडीच्या मुख्याध्यापिका त्यांना उठवत म्हणाल्या. "सगळ्या एकाच साच्यातल्या."

"पडतातही एकाच बाजूला?"

"साचा एकच ना, साहेब."

साहेबांनी तेही टिपलं. त्यांचा डावा खांदा एव्हाना जरा खाली आला होता. बाई मागून चालत होत्या आणि मनात म्हणत होत्या, आणखी दोन-तीन शाळा. साहेब टिकले तर केंद्र टिकलं.

तिसरी शाळा व्यवस्थित सरांची. इथे घात झाला. टेम्पोने खुर्ची आणून व्यवस्थित सरांच्या कार्यालयात ठेवली आणि टेम्पोवाला जरा कोपऱ्यावर चहाला गेला. व्यवस्थित सरांनी खुर्चीकडे पाहिलं. एक पाय आखूड. एक खिळा बाहेर. हातावर धूळ. सरांनी स्वतःला पुष्कळ आवरलं. खिडकीबाहेर पाहिलं, कुंड्या मोजल्या. पण तहानलेल्याला पाण्यापासून किती वेळ दूर ठेवणार? साहेब फाटकात आले तेव्हा सरांनी पायाखाली लाकडाचा तुकडा बसवून खिळे ठोकले होते आणि हातांना पॉलिश करून फडकं खिशात घातलं होतं.

साहेबांनी खुर्ची पाहिली. त्यांनी आधी बॅग खाली ठेवली, चष्मा काढून खिशात ठेवला, भिंतीवर एक हात टेकला आणि डोळे मिटून बसले.

काही झालं नाही.

साहेबांनी एक डोळा उघडला. डावीकडे झुकून पाहिलं. हललीसुद्धा नाही.

"ही पडत का नाही?"

"आमच्या शाळेत सगळं व्यवस्थित असतं, साहेब," सर म्हणाले आणि बोलल्यावर त्यांनी जीभ चावली.

तेवढ्यात टेम्पोवाला तोंड पुसत आत आला. त्याला घाई होती. त्याने साहेबांच्या खांद्यावर अलगद हात ठेवला.

"मामा, उठा बरं जरा. ही पुढच्या शाळेत पडायची आहे, उशीर होतोय."

साहेब उठले. त्यांनी बॅग घेतली. "सगळ्या मुख्याध्यापकांना केंद्रात बोलवा," ते बाईंना म्हणाले. "आत्ता."

केंद्रात सगळे आले. बाईंनी साहेबांपुढे खुर्ची सरकवली, तसे साहेब दोन पावलं मागे सरले.

"खुर्ची नको. आज कुठलीच नको." आणि ते सरळ भिंतीला टेकून सतरंजीवर मांडी घालून बसले. आता साहेब खाली बसल्यावर वर कोण बसणार? एकेक करून सगळे मुख्याध्यापक खाली उतरले. इतक्या वर्षांच्या सभांत त्यांनी एकमेकांची पाठच पाहिली होती. आज गोल झाल्यामुळे तोंडं दिसली.

"तर," साहेब खांदा चोळत म्हणाले, "या भागात एकच अडचण आहे आणि ती टेम्पोने फिरते. एक तरी खरी आहे का? बाई, तुम्ही सांगा. कुणाला तुमची खरोखर गरज लागते?"

बाईंचा फोन त्यांच्या हातातच होता. एक वाक्य पुरलं असतं. पण तेवढं वाक्य म्हणजे इथल्या प्रत्येकाचा मित्र सभेत उघडा पाडणं. बाईंनी गोलावरून नजर फिरवली. कुणी नखं बघत होतं, कुणी सतरंजीचा धागा ओढत होतं. पट्टीवाले सर छताकडे बघत होते, सवयीने.

"मला काही सांगायचं नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "कडी जरा घट्ट आहे. कुलूप लावताना दार वर उचलून ओढा."

साहेबांनी खिशात हात घातला.

"साहेब," कुणीतरी म्हणालं. व्यवस्थित सर होते. उभे राहिले होते. शर्टाची इस्त्री मोडली होती. "साहेब, माझा एक मित्र आहे."

बाईंनी मान खाली घातली.

"त्याच्या शाळेत हजेरीचा नवा संगणक आला. त्याने एक बटण दाबलं आणि सगळे शिक्षक पहिलीच्या वर्गात दाखल झाले. त्यांतले दोघं गैरहजर म्हणून त्यांच्या पालकांना निरोपही गेले." कुणी हसलं नाही. "तेव्हापासून शाळा सुटली की तो एकटाच कार्यालयात बसतो. दार लावून. सगळी हजेरी हाताने लिहितो, मग एकेका बोटाने यंत्रात घालतो. घरी सांगतो, मीटिंग होती. इतकी वर्षं लोकांना व्यवस्थित म्हणून ओळख आहे त्याची. आता समोरासमोर विचारायचं कसं?"

"कुठल्या शाळेत आहे हा मित्र?" साहेबांनी विचारलं.

सरांनी खिशातलं पॉलिशचं फडकं काढून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "मला येत नाही, साहेब. मलाच येत नाही."

सापळ्याच्या हातातली छत्री तेवढी जरा हलली. मग पट्टीवाल्या सरांनी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा. "छत पडतंय, साहेब. माझ्यावर पडलं ते बरं झालं. मुलं त्या दिवशी मैदानात होती. मला झोप लागत नाही." त्यांच्या शेजारचे म्हणाले, "मला नियमांची पत्रं कळत नाहीत. मी अंगठा देतो आणि पाठ करतो." टेकडीच्या मुख्याध्यापिका तर रडायलाच लागल्या. "मला बोलायला कुणी नाही हो. परवापर्यंत स्टाफरूममध्ये आम्ही एका डब्यात जेवायचो. आता मी आत गेले की सगळ्यांना एकदम कामं आठवतात."

"माझ्या शाळेत या जेवायला," डब्याच्या कपाटाचे सर म्हणाले. "मीही कपाटासमोरच जेवतो."

मग जे सुरू झालं ते थांबेना. ज्याला संगणक येत होता तो व्यवस्थित सरांजवळ सरकून बसला. ज्यांचं छत नीट झालं होतं त्यांनी पट्टीवाल्यांना कुणाला भेटायचं ते सांगितलं. बाई मध्ये बसून एकेकाला दुसऱ्याकडे पाठवत होत्या, आणि कुणालाही मित्र आठवत नव्हता.

साहेब बघत होते. त्यांनी कुलूप हातात काढलं होतं, ते जमिनीवर ठेवलं.

"मीही मुख्याध्यापक होतो," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "मला शाळा चालवायला जमलं नाही. म्हणून मी तपासायला गेलो." मग बाईंकडे वळून, "केंद्र राहू द्या. कुलूपही राहू द्या, दाराला नको, यांच्या डब्याच्या कपाटाला कामी येईल. आणि पुढच्या सभेला मलाही बोलवा. मात्र सतरंजीच घाला."

आणि त्या भागात आजही सभा सतरंजीवर भरते, आणि शेवटचा विषय आता पहिला झालाय, आणि…

"थांबा!"

ऐकणारे मुख्याध्यापक उठून उभे राहिले होते. चपला पायात नव्हत्या.

"थाप! साफ थाप! खुर्ची फिरली, मानलं. साहेब दोनदा पडले, मानलं. साहेबांना शाळा चालवता आली नाही, ते तर मी न सांगताच मानतो. पण मुख्याध्यापक भर सभेत, साहेबांसमोर, चांगला शुद्धीवर असताना म्हणाला, 'मला येत नाही'? अहो, जगात असं झालेलं नाही आणि व्हायचंही नाही. सरळ खोटं बोलताय तुम्ही!"

सगळे हसले. ते नाही हसले. तसेच उभे राहिले, खिशातला फोन काढून त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. मग पुन्हा खाली बसले आणि घसा खाकरून, इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले,

"केंद्र सकाळी किती वाजता उघडतं म्हणालात?"